सोरायसिसचा दाह: औषधांनी उलगडलेली साखळी

सोरायसिसचा चट्टा ओळखायला जाणत्या डॉक्टरला सहसा फार वेळ लागत नाही. कोपर, गुडघा, टाळू आणि कमरेचा मागचा भाग या त्याच्या नेहमीच्या जागा. कडा रेखीव, पृष्ठभाग जाड आणि उंचावलेला, त्यावर चंदेरी खवल्यांचे थर. गोऱ्या कातडीवर चट्टा लालभडक दिसतो. सावळ्या कातडीवर तो जांभळट किंवा तपकिरी दिसतो आणि बसल्यावरही काळसर डाग कित्येक महिने मागे ठेवतो. खवले नखाने हलकेच खरवडले की खाली रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. या खुणेला हाइनरिश ऑस्पिट्झ या ऑस्ट्रियन त्वचारोगतज्ज्ञाचे नाव आहे. चट्ट्यातल्या केशवाहिन्या लांबून, वेटोळ्या होऊन पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेल्या असतात, म्हणून एवढ्याशा खरवडण्यानेही रक्त येते.

सूक्ष्मदर्शकाखाली चित्र आणखी बोलके होते. निरोगी त्वचेच्या तळाशी जन्मलेली केराटिनोसाइट नावाची पेशी हळूहळू वर सरकते, चपटी होते, आपले केंद्रक गमावते आणि साधारण महिनाभरात मृत पापुद्रा होऊन झडते. चट्ट्यात हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. घाई इतकी की केंद्रक विरघळायलाही सवड मिळत नाही. ते अगदी वरच्या मृत थरातही दिसत राहते. अर्धवट पिकलेल्या या पेशी नीट सुट्या होत नाहीत, एकमेकींना चिकटून राहतात, आणि त्यांचे खवले बनतात. याच तुकड्यात आणखी काहीजण दिसतात, ज्यांचे तिथे एरवी एवढे काम नसते: रक्तवाहिन्यांभोवती टी-पेशींची गर्दी, शाखा पसरलेल्या डेन्ड्रायटिक पेशी, आणि वरच्या थरात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे छोटे छोटे पुंजके.

दोष कोणाचा, वाढीची घाई झालेल्या त्वचेच्या पेशींचा की त्यांच्याभोवती जमलेल्या प्रतिकारपेशींचा, हा वाद बराच काळ चालला. १९७०च्या दशकापर्यंत पारडे त्वचेच्या बाजूने झुकलेले होते, आणि त्याला कारणही होते. १९५१ साली अमेरिकेत संधिवातासाठी अमिनोप्टेरिन दिलेल्या एका रुग्णाचे सोरायसिसचे चट्टेही विरले. हे औषध पेशींचे विभाजन रोखते. त्याचेच भावंड असलेले मेथोट्रेक्सेट पुढे सोरायसिसचे मुख्य औषध बनले. विभाजन रोखले की चट्टा बसतो, म्हणजे रोग विभाजनाचाच, असा सरळ निष्कर्ष निघाला. डांबराची मलमे आणि डायथ्रॅनॉल यांचा गुणही त्याच चौकटीत बसत होता.

१९७९ साली जवळपास तसाच प्रसंग पुन्हा घडला. सायक्लोस्पोरिन हे अवयव प्रत्यारोपणातले औषध सोरायसिसमुळे सांधे धरलेल्या काही रुग्णांना सांध्यांसाठी दिले गेले आणि त्यांची कातडीही झपाट्याने सुधारली. सायक्लोस्पोरिनचा मुख्य रोख टी-पेशींवर असतो. सांध्यांच्या औषधाने कातडीचे कोडे सोडवायला दोनदा हात दिला. पहिल्या खेपेला त्याचा अर्थ चुकीच्या दिशेने लावला गेला, एवढेच. तरीही शंकेला जागा होती, कारण मोठ्या मात्रेत सायक्लोस्पोरिन केराटिनोसाइटची वाढही मंदावते.

ही शंका फिटली १९९५मध्ये. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अ‍ॅलिस गॉटलिब, जेम्स क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-२ या रेणूला घटसर्पाच्या विषाचा तुकडा जोडलेले औषध वापरले. इंटरल्यूकिन-२चा ग्राही ज्या पेशीवर असेल तिच्यातच हे विष शिरते. चेतवलेल्या टी-पेशींवर तो ग्राही असतो, केराटिनोसाइटवर नसतो. रुग्ण मोजकेच होते, पण अनेकांचे चट्टे सुधारले. त्वचेच्या पेशीला हातही न लावता त्वचा सुधारली होती. पुढे झुरिकमधल्या संशोधकांनी २००४ साली सोरायसिसच्या रुग्णांची वरकरणी निरोगी दिसणारी त्वचा विशिष्ट उंदरांवर रोपली, तेव्हा तिच्यावर आपोआप सोरायसिस उमटला. त्या त्वचेतल्या टी-पेशींना अडवले तर उमटला नाही. निरोगी दिसणाऱ्या कातडीतही रोग घडवण्याचे सामान आधीच येऊन बसलेले असते, असा त्याचा अर्थ. अस्थिमज्जा प्रत्यारोपणातल्या नोंदीही याला दुजोरा देतात: रक्ताच्या कर्करोगासाठी दुसऱ्याची मज्जा घेतलेल्या काही रुग्णांचा जुना सोरायसिस नाहीसा झाला, तर सोरायसिस असलेल्या दात्याची मज्जा मिळालेल्या काहींना तो नव्याने झाला.

मग या टी-पेशी चेततात कशाने? ओरखडा, भाजणे, टोचणे, शस्त्रक्रियेची जखम अशा जागी नवा चट्टा उठतो, हे हाइनरिश कोब्नरने एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. दुखावलेली केराटिनोसाइट एलएल-३७ नावाचे प्रथिन सोडते. जंतू मारणे हे त्याचे नेहमीचे काम. पण तुटलेल्या पेशींमधून आपलाच डीएनए बाहेर सांडलेला असतो आणि एलएल-३७ त्याला वेढून बसते. एरवी असा सुटा डीएनए पटकन नष्ट होतो आणि प्रतिकारपेशी त्याची दखल घेत नाहीत. वेढला गेलेला डीएनए मात्र टिकतो, प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रायटिक पेशींच्या आत पोहोचतो आणि विषाणू ओळखण्यासाठी असलेल्या टीएलआर-९ या ग्राहीला जाऊन भिडतो. पेशीला वाटते विषाणू शिरला. ती इंटरफेरॉन-अल्फा हा धोक्याचा संदेश ओतू लागते आणि टी-पेशींना चेतवणारी साखळी सुरू होते. मिशेल जिलिये यांच्या गटाने ही यंत्रणा २००७ साली दाखवली. त्याआधीच एक योगायोग हाती लागला होता: चामखिळीसारख्या विकारांवर लावायचे इमिक्विमोड हे मलम टीएलआर-७ या सख्ख्या ग्राहीला चेतवते, आणि ते लावल्यावर काही जणांचा सोरायसिस भडकलेला आढळला. आज प्रयोगशाळेत उंदरांवर सोरायसिससारखा दाह निर्माण करायचा तर हेच मलम चोपडतात.

एलएल-३७ची भूमिका इथेच संपत नाही. काही रुग्णांच्या टी-पेशी त्यालाच शत्रू समजून ओळखतात. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींमधल्या एका प्रथिनाविरुद्धही अशा टी-पेशी सापडल्या आहेत. कोणत्या तुकड्याला शत्रू म्हणायचे, हे ठरवण्यात एचएलए जनुकांचा वाटा मोठा असतो, आणि सोरायसिसशी सर्वांत घट्ट नाते असलेला वारसा म्हणजे सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए-सी*०६:०२. लहान वयात सुरू होणाऱ्या सोरायसिसमध्ये तो विशेष आढळतो. मात्र तो असलेल्या बहुसंख्य लोकांना हा रोग कधीच होत नाही. ठिणगी बाहेरूनच पडावी लागते. मुले आणि तरुणांमध्ये ती अनेकदा घशातून येते: स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा सुजतो आणि दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांएवढे चट्टे उठतात. लिथियम, बीटा-ब्लॉकर, क्लोरोक्विन ही औषधे, तसेच दारू, धूम्रपान, लठ्ठपणा आणि मानसिक ताण यांनीही रोग भडकतो. तो संसर्गजन्य मात्र नाही, स्पर्शाने पसरत नाही. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्राने १८४१मध्ये त्याला कुष्ठरोगापासून स्पष्टपणे वेगळे काढले, पण रुग्णाच्या शेजारी बसायला कचरणारे लोक आजही भेटतातच.

ठिणगी आणि आग यांतला फरक एका फसलेल्या औषधाने स्पष्ट केला. इंटरफेरॉन-अल्फाला अडवणारे प्रतिपिंड जुन्या चट्ट्यांच्या रुग्णांना देऊन पाहिले, तर काही गुण आला नाही. सुरुवात करून देणारा रेणू चट्टा मुरल्यावर तो टिकवून धरत नाही. तोपर्यंत सूत्रे दुसऱ्यांच्या हाती गेलेली असतात. फसलेल्या औषधांना कोणी हारतुरे घालत नाही, पण सोरायसिसच्या बाबतीत त्यांनी यशस्वी औषधांइतकेच शिकवले आहे.

या दुसऱ्या टप्प्यात पुढे येते टीएनएफ हे नाव. हा दाहाचा जुना, सर्वसाधारण संदेशवाहक. चट्ट्यात जमलेल्या डेन्ड्रायटिक पेशी, टी-पेशी आणि खुद्द केराटिनोसाइटही तो बनवतात. त्याला पकडून निकामी करणाऱ्या इटानरसेप्टला अमेरिकेत २००४ साली सोरायसिससाठी मान्यता मिळाली. पाठोपाठ इन्फ्लिक्सिमॅब आणि अडॅलिमुमॅब आले. गुण चांगला येई, पण किंमत मोजावी लागे. क्षयाचे जंतू अनेकांच्या फुफ्फुसात पेशींच्या गाठींनी कोंडलेले, निद्रिस्त असतात, आणि ही कोंडी टिकवायला टीएनएफ लागतो. तो काढून घेतला की जुना क्षय उफाळतो. भारतासारख्या देशात ही भीती पुस्तकी नाही. म्हणूनच असे औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, मांटू चाचणी किंवा रक्ताची आयजीआरए चाचणी केली जाते. टीएनएफ रोखल्याने काही जणांना उलट नव्यानेच सोरायसिस होतो, हा आणखी एक विचित्र अनुभव. प्लाझ्मासायटॉइड पेशींना आवर घालण्याचे कामही टीएनएफ करतो. तो हटला की त्या इंटरफेरॉन-अल्फा बनवतच राहतात.

टीएनएफच्या अलीकडची कडी सापडली ती काहीशी चुकून. सोरायसिसमध्ये इंटरफेरॉन-गॅमा बनवणाऱ्या टीएच-१ पेशी भरपूर दिसत, आणि त्यांना घडवतो इंटरल्यूकिन-१२, थोडक्यात आयएल-१२. तेव्हा आयएल-१२ला अडवावे, असा विचार झाला. या रेणूचे दोन भाग असतात, पी-४० आणि पी-३५. त्यातल्या पी-४०ला चिकटणारे उस्टेकिनुमॅब हे प्रतिपिंड विकसित होऊ लागले. दरम्यान २००० साली कळले की हाच पी-४० आणखी एका जोडीदाराबरोबर, पी-१९बरोबर, मिळून वेगळाच रेणू बनवतो: आयएल-२३. चट्ट्यात मोजले तेव्हा पी-४० आणि पी-१९ वाढलेले निघाले. पी-३५ वाढलेला नव्हता. २००५च्या सुमारास आयएल-१७ बनवणाऱ्या टी-पेशींची, म्हणजे टीएच-१७ची, स्वतंत्र जात मान्य झाली आणि तिला पोसणारा, टिकवणारा रेणू आयएल-२३च असल्याचे स्पष्ट झाले. २००९मध्ये उस्टेकिनुमॅबला मान्यता मिळाली तेव्हा ते उत्तम चालत होते, पण ज्याच्यासाठी ते मुळात योजले होते त्याच्यामुळे नव्हे. नंतर फक्त पी-१९ला धरणारी गुसेल्कुमॅब, टिल्ड्राकिझुमॅब आणि रिसांकिझुमॅब ही औषधे २०१७ ते २०१९ या काळात आली. त्यांनी आयएल-१२ला हातही लावला नाही आणि तरी चट्टे अधिक स्वच्छ केले. सुरुवातीच्या मात्रा झाल्या की दोन ते तीन महिन्यांतून एक इंजेक्शन पुरते.

आयएल-२३ स्वतः त्वचा फारशी बिघडवत नाही. ते काम आयएल-१७चे. टीएच-१७ पेशींखेरीज सीडी-८ जातीच्या टी-पेशी, गॅमा-डेल्टा टी-पेशी आणि इतर काही पेशीही तो बनवतात, आणि त्याचा रोख थेट केराटिनोसाइटवर असतो. आयएल-१७ पोहोचताच केराटिनोसाइट न्यूट्रोफिलना बोलावणारी रसायने सोडते. सूक्ष्मदर्शकातले ते पुंजके त्यातूनच येतात. ती सीसीएल-२० नावाचे रसायन सोडते आणि त्या वासावर आणखी टीएच-१७ पेशी येतात. एलएल-३७सारखी जंतुनाशक प्रथिनेही ती ढिगाने बनवते, म्हणजे पहिल्या ठिणगीचे इंधन पुन्हा तयार. टीएनएफ सोबत असेल तर आयएल-१७चा परिणाम दोघांच्या बेरजेपेक्षाही कितीतरी जास्त होतो. त्वचा आणि प्रतिकारपेशी यांपैकी दोषी कोण, या जुन्या वादाचे उत्तर याच चक्रात आहे: प्रतिकारपेशी चक्र सुरू करतात आणि त्वचेच्या पेशी ते फिरते ठेवतात.

या चक्राचा पुरावा खवल्यांतच पडून होता. १९९७ साली जर्मनीतल्या कील विद्यापीठात युर्गेन हार्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोरायसिसच्या रुग्णांचे झडलेले खवले गोळा करून त्यांच्या अर्कात जंतू मारणारे काही सापडते का ते पाहिले. त्यातून बीटा-डिफेन्सिन-२ हे प्रथिन वेगळे निघाले, म्हणजे त्वचेने स्वतः बनवलेले एक प्रतिजैविक. त्वचारोगतज्ज्ञांच्या रोजच्या पाहण्यातल्या एका विरोधाभासाचे उत्तर त्यातून मिळाले. अ‍ॅटॉपिक एक्झिमात, म्हणजे मुलांच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत उठणाऱ्या खाजऱ्या इसबात, वारंवार जंतुसंसर्ग होतो. सोरायसिसची कातडी तितकीच भेगाळलेली असूनही तिथे पू होणे त्या मानाने विरळ. दाहाची जात वेगळी असल्याने त्वचेची शस्त्रेही वेगळी पडतात.

आयएल-१७ला रोखणाऱ्या औषधांनी सोरायसिसच्या उपचारात अपेक्षाच बदलून टाकल्या. चट्ट्यांची लाली, जाडी, खवले आणि व्याप एकत्र मोजणारा पासी नावाचा निर्देशांक असतो. एके काळी तो ७५ टक्क्यांनी उतरला तरी डॉक्टर खूश होत. सेक्युकिनुमॅब २०१५मध्ये आणि इक्सेकिझुमॅब २०१६मध्ये आले, आणि इक्सेकिझुमॅबच्या मोठ्या चाचण्यांत सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये १२ आठवड्यांतच ९० टक्के सुधारणा दिसली. मात्र आयएल-१७ हा बुरशीविरुद्धचा पहारेकरीही आहे. त्याला बाजूला केल्यावर तोंडात किंवा जांघेत कॅन्डिडाची बुरशी होणे हा ठरलेला दुष्परिणाम. आतड्यात तर तो अस्तराचे रक्षण करतो. क्रोन या आतड्याच्या विकारात सेक्युकिनुमॅब देऊन पाहिले तेव्हा उपयोग झाला नाहीच, काहींचा आजार वाढला. आयएल-२३ अडवणारी औषधे मात्र क्रोनमध्येही चालतात. साखळीतल्या शेजारच्याच दोन कड्या, पण अवयव बदलला की त्यांचे गुणावगुण बदलतात.

आयएल-२२ या आणखी एका संदेशवाहकाची गोष्ट त्याहून चकवणारी. प्रयोगशाळेत तो केराटिनोसाइटचा थर जाड करतो आणि पेशी पिकू देत नाही, म्हणजे सोरायसिसचे हुबेहूब चित्र उभे करतो. त्याला रोखणारे औषध मात्र सोरायसिसमध्ये तग धरू शकले नाही. काचपात्रातला पुरावा आणि रुग्णाच्या कातडीवरचा पुरावा यांत केवढे अंतर असू शकते, याचे हे चांगले उदाहरण.

अंगभर पूने भरलेल्या बारीक पुळ्या उठवणारा पुटकुळ्यांचा सोरायसिस हा प्रकार या साखळीला वेगळे वळण देतो. तो विरळा, पण तापासह येतो आणि जिवावर बेतू शकतो. २०११मध्ये ट्युनिशियातल्या काही कुटुंबांत आयएल-३६ या संदेशवाहकाला लगाम घालणाऱ्या प्रथिनाचे जनुक बिघडलेले सापडले. लगाम नसल्याने आयएल-३६ मोकाट सुटतो आणि न्यूट्रोफिलचा लोंढा येतो. आयएल-३६चा ग्राही बंद करणारे स्पेसोलिमॅब २०२२मध्ये मान्य झाले. चाचणीत एका मात्रेनंतर आठवड्याभरात ५४ टक्के रुग्णांच्या पुळ्या पूर्ण मावळल्या. औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते.

इंजेक्शनची ही औषधे पेशीबाहेरचा निरोप अडवतात. निरोप पोहोचल्यावर पेशीच्या आत काय घडते, तिथेही हात घालता येतो. आयएल-२३चा ग्राही आत टीवायके-२ आणि जेएके-२ या विकरांना जागे करतो, ते स्टॅट-३ या प्रथिनाला, आणि स्टॅट-३ केंद्रकात जाऊन आयएल-१७चे जनुक चालू करतो. टीवायके-२चे काम जन्मतःच मंद असलेल्या लोकांना सोरायसिसचा धोका कमी असतो. निसर्गाने केलेला हा प्रयोग हाती धरून ड्यूक्रावासिटिनिब ही गोळी बनली आणि २०२२मध्ये बाजारात आली.

भारतात या कथेला एक वेगळा धागा आहे. बंगळुरूच्या बायोकॉनने क्यूबातल्या संशोधन केंद्राच्या भागीदारीत विकसित केलेले इटोलिझुमॅब टी-पेशींवरच्या सीडी-६ या रेणूला चिकटते आणि त्यांचे चेतणे मंदावते. सोरायसिससाठी त्याला भारतात २०१३मध्ये मान्यता मिळाली. अडॅलिमुमॅबची जगातली पहिली स्वस्त प्रतिकृतीही २०१४च्या अखेरीस अहमदाबादच्या झायडसने भारतातच आणली. तरीही खर्चामुळे बहुतेक रुग्णांचा आधार आजही मेथोट्रेक्सेट हाच आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्याने मज्जा मरून प्राणावर बेतलेल्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. पोटातून घ्यायच्या स्टिरॉइडचा मोह तर त्याहून घातक. त्यांनी चट्टा झटकन बसतो, पण औषध थांबताच रोखून धरलेला दाह दुप्पट जोराने परततो, कधी अंगभर लाल कातडी होऊन, कधी पुळ्यांच्या रूपात. नाव-गाव नसलेल्या, ‘मुळासकट बरे करणाऱ्या’ पुड्यांमध्ये अनेकदा हेच स्टिरॉइड मिसळलेले असते.

आयएल-१७ आणि टीएनएफ कातडीपुरते थांबत नाहीत. सुमारे ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांचे सांधे धरतात. स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतात तिथे, टाचेच्या मागे वगैरे, दाह विशेष होतो. नखांवर बारीक खळगे पडलेल्यांमध्ये सांधे धरण्याची शक्यता जास्त. तीव्र सोरायसिसमध्ये हृदयविकाराचा धोकाही वाढतो, कारण तेच संदेशवाहक रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही चिथावतात. लठ्ठ शरीरातली चरबी स्वतःच टीएनएफ बनवते, म्हणून वजन उतरले की चट्टेही मवाळ होतात.

औषध थांबवल्यावर चट्टा परत आला तर बहुधा जुन्याच जागी येतो. स्वच्छ दिसणाऱ्या त्या जागेत टी-पेशींची एक जात मुक्कामाला राहिलेली असते. या निवासी स्मृतिपेशी रक्तात फिरत नाहीत, वरच्या थरात रुतून बसतात, आणि आयएल-१७ बनवण्याची त्यांची क्षमता वर्षानुवर्षे शाबूत असते. आजची औषधे त्यांना गप्प करतात, पण पूर्णपणे हटवत नाहीत. रोग सुरू होऊन फार काळ लोटलेला नसताना आयएल-२३ अडवला, तर चट्टे पूर्ण मावळणारे रुग्ण जास्त आढळतात, असे गुसेल्कुमॅबच्या अलीकडच्या चाचण्यांत दिसले आहे. या पेशी त्वचेत पक्क्या मुरण्याआधीच त्यांचे पोषण तोडता येते का, याची तपासणी सध्या सुरू आहे.